बाजार ते बाजार

आषाढाची झड लागली होती. तीन दिवस झाले, आभाळ काही केल्या उघडत नव्हतं. अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या एसटीच्या खिडक्या बंद असूनही आत बारीक तुषार येत होते, आणि चंदा मोहोड आपला लॅपटॉप दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून मांडीवर असा धरून बसली होती, जशी एखादी बाई तान्हं लेकरू घेऊन बसते.

बडनेऱ्याला एक उंच तरुण चढला. पार भिजलेला. काखेत हिरव्या नरसाळ्यांची चळत, आणि प्रत्येक नरसाळ्याला खाली लांबच लांब पारदर्शक पिशवी लोंबकळत असलेली.

"सरकता का जरासं?"

चंदा सरकली. तो बसला, आणि एका पिशवीच्या टोकातलं गार पाणी नेमकं तिच्या खांद्यावर ओघळलं.

"अरे बाप्पा! चुकलं... पुसून घ्या." त्यानं खिशातून रुमाल काढला. रुमाल त्याच्याहून जास्त भिजलेला होता. दोघांनीही त्या रुमालाकडे पाहिलं, आणि चंदाला हसू आवरेना.

आता खरं सांगायचं तर ती नरसाळी कसली आहेत हे चंदाला ठाऊक होतं. ज्या संस्थेत ती अमरावतीला काम करी, तिथं या सापळ्यांचेच आकडे तिच्या पडद्यावर उतरत. पण नुसते आकडेच. सापळा तिनं डोळ्यांनी आज पहिल्यांदा पाहिला. म्हणून तिनं भोळेपणानं विचारलं, "हे काय हो?"

"बोंडअळीच्या पतंगाचे सापळे. अंदर एवढीशी गोळी ठेवतो. तिले मादीचा वास येते. नर बिचारा उडत उडत येते... त्याले वाटते, नवरी बसून हाय अंदर. अन् पडते पिशवीत."

"म्हणजे फसवता त्याला."

"आमी काहून फसवू? पाहून-गिहून यावं ना त्यानं. नुसत्या वासावर कोनी लगन करते का?"

चंदानं ओठ दाबून खिडकीकडे तोंड फिरवलं. काचेवर पाणी होतं, आणि पाण्यामागून एक हसरं, सावळं प्रतिबिंब तिच्याकडेच पाहत होतं.

तो बोलका गडी होता. मूर्तिजापूर येईपर्यंत त्याचं सगळं सांगून झालं. नाव विपुल गावंडे, राहणार पिंपळखेड. मागच्या वर्षी गुलाबी अळीनं गावंच्या गावं पोखरली, बोंडं फोडावी तर आत कापसाऐवजी काळी घाण. त्याआधीची वर्षंही काही बरी नव्हती. वऱ्हाडात सकाळचा पेपर उघडताना हात कचरावा, अशीच ती वर्षं. म्हणून यंदा सहा गावांच्या शेतांत सापळे लावायचं, त्यात पडलेले पतंग मोजायचं आणि आकडे वर पाठवायचं काम त्यानं घेतलं होतं. पतंग वाढताना दिसले की गाव वेळेवर सावध होतं, एवढाच त्यातला अर्थ.

"मोजनं सोपं हाय हो," तो म्हणाला. "कठीण हाय ते त्या अमरावतीच्या बाईचं."

"कोण बाई?"

"हाय एक. पाह्यली नाई कधी. मागच्या महिन्यात शेताईची यादी पाठवाची होती, तं दर सोमवारी नऊच्या ठोक्याले मेसेज... 'आपली माहिती प्राप्त झाली नाही.' ना राम राम, ना शाम शाम! मले तं वाटते, पन्नाशीची असंन. चष्मा नाकावर. घरी नवऱ्यालेबी असंच म्हनत असंन, आपली आंघोळ प्राप्त झाली नाही."

"असेल बाई तशी," चंदा गंभीरपणे म्हणाली. "चष्मा नक्कीच असेल."

अकोल्याला उतरल्यावर तो छत्रीविना पावसात शिरला. चंदा मागून सावकाश गेली. तिला घाई नव्हती. दोघांना जायचं एकाच ठिकाणी होतं, सापळ्यांच्या आकड्यांच्या प्रशिक्षणाला.

प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये शिकवणाऱ्यानं हजेरी घेतली. "चंदा मोहोड, अमरावती कार्यालय?"

"हजर."

मागच्या बाकावर धाडकन आवाज झाला. नरसाळ्यांची चळत खाली कोसळली होती. चंदानं वळून पाहिलं, आणि अगदी कोरड्या सरकारी आवाजात म्हणाली, "विपुलराव, आपलं तोंड उघडं राहिलं आहे. प्राप्त झालं."

त्या दिवशी शिकवलं ते असं. आकडे नीटनेटके करायचं एक सॉफ्टवेअर होतं. त्यात एकेक पायरी म्हणजे एकेक चौकोन, आणि चौकोनातून चौकोनात माहिती अशी वाहत जायची, जसं पाटातून वाफ्यात पाणी. पहिल्या चौकोनात तारखेवरून आठवडा काढायचा. दुसऱ्यात गावागावाची बेरीज. तिसऱ्यात, जिथं आकडा नसेल तिथं काय धरायचं ते ठरवायचं. मग त्याच तक्त्याची एक जुळी प्रत करायची, तिचा आठवडा एकानं पुढे सरकवायचा, आणि मूळ तक्ता तिला जोडायचा. म्हणजे या आठवड्याच्या ओळीशेजारी गेला आठवडा येऊन उभा राहतो. आजमधून काल वजा करा, कालनं भागा, की कळलं किती टक्के वाढ आणि किती घट.

चंदाला ते फार आवडलं. तिचे वडील खुशालराव चांदूर बाजारकडचे कीर्तनकार, आणि ती लहानपणापासून त्यांच्या मागे पेटीवर बसे. कीर्तनात कितीही आख्यानं झाली तरी बाबा फिरून ध्रुवपदावर येत, आणि ध्रुवपद तेच असलं तरी दर खेपेला काळजात थोडं अधिक खोल जाई. तिला वाटलं, हेही तसंच. आधीच्या खेपेशेजारी आताची खेप ठेवून पाहायची... किती खोल गेलं ते.

चहाच्या वेळी विपुल समोर आला. कान लाल.

"ते... पन्नाशीचं मी मागं घेतो."

"आणि चष्मा?"

त्यानं पाहिलं. चष्मा होताच. "चष्मा राहू द्या," तो हळूच म्हणाला. "शोभते."

सापळे शेतात उभे झाले, आणि मग सुरू झाले सोमवार.

नवाच्या ठोक्याला आता मेसेज जात नसे. फोन वाजे. आणि तो वाजायच्या आधीच चंदाचा हात पदराला, केसांना, उगाच टेबलावरच्या पेनांना लागत असे. शेजारच्या टेबलावर बसणारी जेबा, परतवाड्याची आणि जिभेची धारदार, हे सगळं हिशेबात धरत असे.

"राम राम, अमरावती."

"राम राम, पिंपळखेड. आकडे सांगा."

"सांगतो ना. आधी जेवन-खावन इचाराल का नाई? बरं, लिवा. वच्छलाबाईच्या शेतात एकूण तीन... नाई, साडेतीन."

"साडेतीन पतंग कसे असतील?"

"एकाचे पंख नाईत ना. धड हाय. अर्धा धरू का?"

"पूर्ण धरा. मेला बिचारा नवरीच्या नादात, निदान मोजणीत तरी पुरा येऊ द्या."

पलीकडे हसू फुटे, आणि त्या हसण्यानं चंदाचा सगळा आठवडा उजळून निघे. फोन संपला की जेबा मान न उचलता म्हणे, "पयला हप्ता चार मिनिट. दुसरा हप्ता ग्यारा. आज तेवीस. तुह्या सॉफ्टवेअरमधी टाक चंदा, टक्के निकाल. माशाल्ला, धोक्याच्या वर गेलं."

"चूप गं!"

"मी चूपच हाय. लाल तू होऊन राहिली."

श्रावण असा गेला. शेतात पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पात्या धरल्या, त्या कळ्यांची फुलं झाली. आणि पोळा आला.

पोळ्यानंतरच्या सोमवारी चंदानं नेहमीसारखा संपलेल्या आठवड्याचा हिशेब चालवला, आणि पिंपळखेडकडची सहाही गावं एकदम लालभडक झाली. मागच्या आठवड्यात दर गावी सरासरी वीस पतंग होते. या आठवड्यात एक्कावन्न. वाढ दीडशे टक्क्यांच्या वर! बाकी कुठल्याच गावात असं नव्हतं. संस्थेचे प्रमुख ओमप्रकाशजी खुर्चीतून उठून तिच्या पडद्यापाशी आले. "पुढचा आठवडा पाहू," ते म्हणाले.

पुढचा आठवडा आला. सहाही गावं शून्य. उणे शंभर टक्के.

आणि त्या सोमवारी नऊला फोन वाजला नाही.

साडेनऊला चंदानं स्वतः लावला. लागेना. दहाला, अकराला, साडेबाराला. फोन बंद. जेबानं डबा उघडला तरी हिचा हात फोनवरच. आधी काळजी वाटली. मग राग आला. आणि मग त्या रागाच्या तळाशी एक जुनी, बोचरी शंका वर आली, जी प्रेमात पडलेल्या प्रत्येकाला एकदा तरी चावते... आपणच तर नाही ना उगाच हसत बसलो? सोमवार त्याच्यासाठी नुसता सोमवार असेल तर?

"एका आठवड्यात दुप्पट-अडीचपट, दुसऱ्यात शून्य?" ओमप्रकाशजी म्हणाले. "पतंग काय गावाला जाऊन आले? तुमचं मत काय, चंदाताई? शेरा लिहा."

चंदानं लिहिला. बोटांनी लिहिला की रागानं, ते देव जाणे. 'आकडे संशयास्पद. घरबसल्या भरलेले दिसतात.'

त्या एका ओळीचं काय व्हायचं ते दुपारपर्यंत झालं. सापळ्यांतल्या जुन्या गोळ्यांचा वास उडत आला होता. नव्या गोळ्या थोड्याच आल्या होत्या. त्या जिथं खरोखर गरज आहे तिथं धाडायच्या ठरल्या, आणि पिंपळखेडची सहा गावं यादीतून कमी झाली. विपुल गावंडेनं पुढच्या सोमवारपर्यंत खुलासा द्यावा, नाही तर त्याच्या जागी दुसरा माणूस, असं शेऱ्यासकट त्याला कळवलंही गेलं.

"मले नाई पटत," जेबा म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "जो पोरगा अर्ध्या पतंगासाठी इचारते, तो पन्नास पतंग मनानं लिवते? तू सांग."



गुरुवारी विपुलचा मेसेज आला. एकच ओळ. 'घरबसल्या मी एकच काम केलं, सोमवारची वाट पाह्यली.'

तिनं तो कितीदा वाचला याचा हिशेब कुठल्याही सॉफ्टवेअरला लागला नसता. तिनं फोन लावला. वाजला, वाजला, आणि थांबला. उचलला नाही.

आता देवाची करणी पाहा. त्याच रविवारी पिंपळखेडला हरिनाम सप्ताहात खुशालराव महाराजांचं कीर्तन होतं. तारीख चार महिन्यांपूर्वी दिलेली. म्हणजे चंदाला पेटी घेऊन जाणं आलं. घरी, चांदूर बाजारला, तिची आई मनकर्णाबाई म्हणाली, "तोंड काहून उतरलं वो? बरं नसंन तं नको जाऊ." चंदा इतक्या घाईनं "नाही, नाही, जाते ना!" म्हणाली, की आईनं डब्यात दशम्या भरता भरता वळून एकदा तिच्याकडे नीट पाहिलं.

मूर्तिजापूरच्या पुढे काळीपिवळी जीप. पेटी मांडीवर, लॅपटॉप पाठीवर. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, काळ्या जमिनीवर पिवळी फुलं. त्या फुलांतच अळी असते हे तिला आता माहीत होतं, आणि प्रत्येक शेतात तिची नजर हिरवं नरसाळं शोधत होती. होतं. वाऱ्यावर पिशवी हलत होती.

"बाबा, सप्ताह रविवारी सुरू झाला का?" काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं.

"बुधवारी. पुढच्या बुधवारी काला."

"मग हे आपलं कीर्तन कितव्या आठवड्यात धरायचं? रविवार म्हणजे तर नवा..."

खुशालराव मोठ्यानं हसले. "अवं पोरी, तुह्या डोक्यात कॅलेंडर बसलं! सप्ताह कॅलेंडरले इचारून बसत नाई. ज्या दिवशी वीणा उभी राह्यली, तो पयला दिवस. तितून सात मोज. देवाचा आठवडा असाच असते."

चंदानं मान डोलावली. तेव्हा तिला नुसतं बापाचं बोलणं गोड वाटलं.

पिंपळखेड बाजाराचं गाव. जीप बाजारओळीतच थांबली. टोमॅटोचे ढीग, भंगलेल्या छत्र्या, मिरचीचा ठसका, आणि ग्रामपंचायतीच्या ओसरीवर एक काळा फळा. महाराजांना घ्यायला मंडळी आली, पेटी कुणीतरी उचलली. चंदा मात्र फळ्यापाशी खिळली.

छपराखाली असल्यानं पावसानं तो धुतला गेला नव्हता, आणि कुणी पुसलाही नव्हता. खडूचं वळणदार अक्षर होतं: 'सर्वांस कळविण्यात येते की, रविवारी पोळा असल्याकारणानं या खेपेचा बाजार आदल्या दिवशी, शनिवारी भरेल.'

तिनं ते दोनदा वाचलं.

"काय पाह्यता, बाई? जुनं हाय ते." शेजारच्या चहाच्या टपरीवरून एक म्हातारे गृहस्थ बोलले. डोक्याला मुंडासं, हातात गाळणी. "पोळ्याच्या दिवशी कोन बाजार करते? मानसं बैलाच्या मागं. मंग आदल्या दिवशी भरला."

"काका, ते विपुल गावंडे... पतंगांचे आकडे कुठं घेतात?"

"इतंच की. याच बाकावर. मी नत्थुजी. सहा गावची मानसं बाजाराले येतेत, येतानी शेतातले मोजून चिठ्ठी आनतेत. इपुल फोनात भरते अन् चिठ्ठी मले देते. म्हनते, नत्थुजी, टाकू नका, कोनी इचारलं तं दाखवाले पाह्यजे."

टपरीच्या खांबाला एक तार होती, आणि तारेला टोचलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. हळद लागलेल्या, चहा सांडलेल्या, वहीच्या कागदाच्या, बिडीबंडलाच्या वेष्टणाच्या. प्रत्येकीवर गाव, तारीख, आकडा. एकीवर वच्छलाबाईचं वाकडंतिकडं अक्षर, आणि खाली कंसात लिहिलेलं, 'एक बिन पंखाचा, पन धरला.'

चंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथंच बाकावर बसून तिनं लॅपटॉप उघडला.

किती साधं होतं ते! सॉफ्टवेअरचा आठवडा रविवारी सुरू होऊन शनिवारी संपे. पिंपळखेडचा आठवडा बाजारी सुरू होऊन बाजारी संपे. एरवी बाजार रविवारचाच, म्हणून दोन्ही आठवडे रविवारीच सुरू होत आणि कधी कुरबुर झाली नाही. पण पोळ्यानं बाजार शनिवारी ओढला, आणि आधीच्या रविवारचे चोवीस आणि या शनिवारचे सत्तावीस एकाच आठवड्याच्या पोटात पडले. झाले एक्कावन्न! पुढचा आठवडा रिकामा. आणि रिकाम्या जागी शून्य धरायचं, असं त्या तिसऱ्या चौकोनात कुणी लिहून ठेवलं होतं? चंदा खुशालराव मोहोड हिनं, स्वतःच्या हातानं.

"आणि त्याचा फोन बंद होता तो, काका? मागच्या सोमवारी?"

"भिजला ना! गेल्या बाजारी धो धो पानी. एका गावची मानसं वाटेत अडकली, तं पोरगा नाल्यापाशी जाऊन उभा राह्यला चिठ्ठ्याईसाठी. तीन दिवस फोन माया तांदळाच्या डब्यात होता. सोमवारी सकाळी चार खेपा येऊन झाकन उघडून पाह्यलं त्यानं. म्या म्हनलं, अरे अंडं हाय का ते, उबवून राहिला?"

चंदा हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. मग तिनं पहिला चौकोन पुसून टाकला. आठवडा नाहीच. गावागावाच्या नोंदी तारखेनं ओळीत लावल्या, आणि त्यांना क्रम दिला: बाजार पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. भिजलेल्या बाजाराच्या चिठ्ठ्या तारेवरून काढून भरल्या. रिकाम्या जागी शून्य धरणारी पायरी काढून टाकली. मग प्रत्येक बाजाराशेजारी त्याच्या आधीचा बाजार आणून उभा केला.

वीस. चोवीस. सत्तावीस. चाळीस.

ना उडी, ना शून्य. पतंग गावाला-बिवाला गेले नव्हते. मुकाट्यानं वाढत होते. सहाही गावं धोक्याच्या रेघेवर उभी होती, आणि तिनं त्यांनाच यादीतून काढलं होतं.

तिनं जुना शेरा खोडला. नवा लिहिला: 'आकडे खरे आहेत. आठवडा मी चुकीचा धरला. चूक माझी. पतंग वाढत आहेत, गोळ्या आधी इथं पाठवाव्यात. चंदा मोहोड.' धाडला, आणि वर फोनही केला. ओमप्रकाशजींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं गोळ्या निघतील. त्या गावंडेला सांगा, खुलासा मिळाला. पण रविवारी सुट्टीच्या दिवशी तुम्ही पिंपळखेडला कशा, चंदाताई?"

"कीर्तन आहे," चंदा म्हणाली. खोटं नव्हतं.

फोन ठेवून तिनं विचारलं, "काका, विपुल कुठं भेटतील?"

"देवळात. दोन ते तीन त्याचा पहारा हाय, वीनेचा."

सप्ताहात वीणा कधी खाली टेकत नाही, हे चंदाला कुणी सांगायला नको होतं. सात दिवस ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. ज्याच्या गळ्यात वीणा, त्यानं उभं राहायचं, तार छेडायची आणि मुखी फक्त नाम. दुसरा शब्द काढायचा नाही. दुसऱ्यानं येऊन वीणा घेतली तरच सुटका.

मंडप दुपारचा शांत होता. दोन-चार म्हाताऱ्या खांबाला टेकून बसलेल्या. आणि मधोमध विपुल, पांढरा सदरा, कपाळी बुक्का, डोळे मिटलेले. "रामकृष्णहरी... रामकृष्णहरी..."

चंदा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. चाहूल लागून त्यानं डोळे उघडले. तार एकदा बेसूर वाजली.

"बोलू नका," ती म्हणाली. "तुम्हाला बोलता येत नाही ते माहीत आहे. फक्त ऐका."

"रामकृष्णहरी," तो म्हणाला. काहीसा रागातच.

"फळा पाहिला मी. चिठ्ठ्या पाहिल्या. तुमचा एकही आकडा खोटा नव्हता, माझा आठवडा खोटा होता. साहेबांना कळवलं, माझ्या नावानं. गोळ्या उद्या येतील, सहाही गावांना."

"रामकृष्णहरी?"

"हो, सहाही. आणि तो शेरा..." तिचा आवाज अडखळला. "तो मी आकडे पाहून नव्हता लिहिला. फोन नाही आला म्हणून लिहिला. साडेनऊपासून साडेबारापर्यंत वाट पाहिली, आणि मग... माझ्या रागाची शिक्षा मी तुमच्या पतंगांना दिली. चुकले मी, विपुलराव."

नुसती तार वाजत राहिली, पण आता सुरात. त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू उतरली, आणि डोळ्यांत तेच एसटीच्या काचेतलं हसू आलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं. फार बोलायचं होतं. ओठ हलले आणि त्यानं ते महत्प्रयासानं नामावर आणले. खांबाजवळची म्हातारी, केशरबाई, बोळक्या तोंडानं म्हणाली, "अवं बाई, घे ना त्याची वीना! गुदमरून जाईन लेकरू."

चंदानं पदर खोचला. रीतीप्रमाणे ती त्याच्या पायांशी वाकली, रीतीप्रमाणे तोही वाकला, आणि घाईत दोघांची डोकी एकमेकांवर आदळली. म्हाताऱ्या खुदकल्या. विपुलनं वीणा तिच्या गळ्यात घातली. बुक्क्याचं बोट तिच्या कपाळाला लागलं... जरा जास्तच वेळ टेकलं.

"रामकृष्णहरी," चंदा म्हणू लागली.

"आता तुमी नाई बोलू शकत," विपुल म्हणाला आणि त्यानं एक लांब श्वास सोडला. "म्हणून मी बोलतो. एरवी तुमच्यापुढं मले जमत नाई. पयले एक चूक सांगतो. पोळ्याचा बाजार सहा दिवसांत आला, त्याच्या पुढचा आठ दिवसांनी. नुसते सत्तावीस अन् चाळीस नका धरू. दिवसानं भागा."

चंदाचे डोळे विस्फारले. खरंच की! "रामकृष्णहरी!"

"हव. आता दुसरं." तो खाली पाहू लागला. "एसटीत पयल्यांदा पाह्यलं, तवा मनाले म्हनलं, चांगली हाय. बस, एवढंच. मंग सोमवार आला, थोडं वाढलं. मंग दुसरा... मी बी मोजून राहिलो, चंदाजी. आठवड्यामागून आठवडा. एकदाबी कमी झालं नाई. तुमच्या त्या शेऱ्यानंतरबी नाई झालं, हे मलेच संशयास्पद वाटते. फोन उचलला नाई, कारन उचलला असता तं रागावता आलं नसतं. आता सांगा... पतंगावानी नुसत्या वासावर नाई आलो मी. पाहून आलो. समजून आलो. तुमाले मंजूर हाय का?"

चंदानं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"रामकृष्णहरी," ती म्हणाली. आणि मग पुन्हा, वरच्या सुरात. आणि पुन्हा, त्याहून वरच्या. इतकं उंच, इतकं मोकळं नाम त्या मंडपात पाच दिवसांत कुणी घेतलं नव्हतं. केशरबाईनं टाळी धरली. बाकीच्या म्हाताऱ्यांनी ती उचलली.

"हे हव समजू का नाई समजू?" विपुल कासावीस झाला. "तुमचं उत्तर प्राप्त झालं नाई, बाई!"

"मी घेतो वीणा," मागून आवाज आला.

खुशालराव उभे होते. केव्हापासून, कोण जाणे. खांद्यावर उपरणं, चेहऱ्यावर काही कळू न देण्याचा कीर्तनकाराचा मुरलेला भाव. ते लेकीपाशी वाकले, लेक त्यांच्यापाशी वाकली, आणि वीणा त्यांनी हातात घेतली.

"ऐका," ती गळ्यात घालण्याआधी ते दोघांना म्हणाले. "पाच वाजेपर्यंत हे माया गळ्यात. तवर मले रागावता येनार नाई, कोनाले 'नाई'बी म्हनता येनार नाई. जे इचाराचं ते इचारून घ्या."

आणि वीणा गळ्यात घालून त्यांनी डोळे मिटले. "रामकृष्णहरी..."

विपुलनं चंदाकडे पाहिलं. चंदानं चष्म्याच्या काचेवरचा बुक्का पुसला, मान एकदा, अगदी एवढीशी, हलवली. होकाराला याहून मोठा आकडा लागत नाही.

तो महाराजांपुढे जाऊन हात जोडून उभा राहिला. "महाराज, मी विपुल गावंडे. तुमच्या चंदाले... म्हणजे मले... म्हणजे आमाले दोघाईले..."

खुशालरावांनी डोळे उघडले नाहीत. तार थांबली नाही. फक्त पांढऱ्या मिशांखाली हसू पसरत गेलं आणि मान तालावर डोलू लागली, वरून खाली, खालून वर.

"रामकृष्णहरी," ते म्हणाले, "रामकृष्णहरी, रामकृष्णहरी."

बाहेर नत्थुजींच्या टपरीवर नवी चिठ्ठी तारेला टोचली गेली. आजचा बाजार भरला होता.